तीन वर्षं कमी पडलेला सूर्य

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष महोदय, आपल्या महाविद्यालयाचे वर्ग सोडून आग्रहाखातर आलेले प्रमुख पाहुणे प्राध्यापक महाशय, उद्या सकाळपासून या सौरप्रकल्पाचा कारभार हाती घेणारे आमचे उपप्रमुख, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आम्हा सर्वांचे मोठे साहेब, त्यांच्या शेजारी इतक्या वर्षांच्या सवयीनं शांत बसलेल्या वहिनी, आणि समोर बसलेले तंत्रज्ञ, वायरमन, रखवालदार, पॅनेल धुणाऱ्या भगिनी आणि या सगळ्यांची घरची माणसं, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी या प्रकल्पात मापनविभाग सांभाळतो. आकड्यांपलीकडे मला काही कळत नाही, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. परवा मोठे साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "मास्तर, निरोपाच्या दिवशी चार शब्द तुम्हीच बोला. तुम्ही मला जवळून पाहिलंय." सतरा वर्षांत साहेबांनी माझ्याबद्दल केलेलं हे एकमेव अचूक निरीक्षण. मी लगेच होकार दिला.

सूत्रसंचालक बाईंनी मला चार मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेणार आहे. बाई, तुम्ही चिठ्ठ्या पाठवा, मी त्या नीट घडी करून खिशात ठेवीन.

आधी प्रकल्पाबद्दल बोलतो, कारण त्याबद्दल मला मनापासून चांगलं बोलता येतं. प्रकल्प सुरू होण्याआधी शहराच्या दवाखान्यामागे दोन डिझेलची जनित्रं होती. बरोबर मुलांच्या वॉर्डाच्या खिडकीखाली. दिवसभर धडधड आणि काळा धूर. आपली वीज पहिल्यांदा तिथं पोचली त्या दुपारी मी मीटर तपासायला गेलो होतो. जनित्रं बंद झाली. वॉर्डातल्या परिचारिका बाईंनी खिडकी उघडली आणि मला म्हणाल्या, "मास्तर, सहा वर्षं झाली मला इथं. आज पहिल्यांदा मुलांचा श्वास कानांनी ऐकू येतोय."

सौरऊर्जेच्या फायद्यांवर प्राध्यापक महाशय आत्ता पाऊण तास बोलले. आकृत्या सुंदर होत्या. पण मला विचाराल, तर तो फायदा मला त्या खिडकीत दिसला. कुठून कोळसा आणायचा नाही, काही जाळायचं नाही, राख कुठं टाकायची हा प्रश्न नाही. काचा उन्हात ठेवायच्या आणि एवढंच बघायचं की त्या स्वच्छ आहेत. शाळेच्या फळ्याला जेवढी अक्कल लागते तेवढी पुरते. फळा पुसा, लिहिलेलं दिसेल.

आता मला सांगा, इतक्या सोप्या कामात माणूस चुकणार कुठं? मलाही असंच वाटायचं. पण साहेबांच्या कर्तृत्वाला मी कमी लेखलं होतं.

समोर बसलेल्या घरच्या मंडळींसाठी एक गोष्ट समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. नियंत्रण कक्षाच्या गच्चीवर एक यंत्र आहे. उपड्या घातलेल्या काचेच्या वाटीसारखं दिसतं, म्हणून आम्ही त्याला वाटीच म्हणतो. आज आकाशातून ऊन किती आलं, ते वाटी सांगते. खालचे मीटर सांगतात की त्यातून वीज किती निघाली. इतक्या उन्हातून इतकी वीज निघायला हवी होती आणि प्रत्यक्षात निघाली इतकी, हा हिशेब मांडला की प्रकल्पाला गुण मिळतात. शंभरापैकी ऐंशी मिळाले तर प्रकल्प चांगला. आपल्याला सुरुवातीची सगळी वर्षं ऐंशीच्या आसपास मिळत होते.

आता परीक्षेत गुण वाढवायचे किती मार्ग असतात? एक, अभ्यास करा. दुसरा, कोणाला सुचणार नाही पण साहेबांना सुचला. पेपरच लहान करून टाका.

तीन वर्षांपूर्वी साहेबांनी प्रमुखपदाची सूत्रं घेतली आणि दुसऱ्याच महिन्यात परिपत्रक काढलं. पाठ आहे मला. 'गच्चीवरील सूर्यमापक उपकरण अत्यंत नाजूक असल्यामुळे त्यास कोणीही हात लावू नये. दैनंदिन पुसणी तात्काळ बंद करण्यात येत आहे.' यंत्राच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय की वाटी रोज मऊ फडक्यानं पुसा. पण पुस्तक साहेबांच्या कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात. आपल्या कुंपणापलीकडे खडी फोडायचं यंत्र आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. पीठ चाळल्यासारखी धूळ दिवसभर वाटीवर बसायला लागली. वाटीला ऊन कमी दिसायला लागलं. ऊन कमी, वीज तेवढीच, म्हणजे गुण जास्त! ऐंशीचे चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशीचे अठ्ठ्याऐंशी. काहीही न करता. खरं सांगायचं तर काहीही न केल्यामुळेच.

रखवालदार काका हसताहेत. हसा काका, तुमचाही वाटा आहे त्यात. कारण पाऊस आला की वाटी धुतली जायची आणि गुण घसरायचे. म्हणून दुसरं परिपत्रक निघालं. ढग दिसले की रखवालदारांनी गच्चीवर जाऊन, 'उपकरणाच्या संरक्षणार्थ', वाटीवर बादली पालथी घालावी. साठीला टेकलेला माणूस, गुडघे धरून, बादली घेऊन जिना चढतोय. का? तर सूर्यमापकाला आंघोळ घडू नये म्हणून. एकदा काका मला म्हणाले, "मास्तर, छत्र्या बघितल्या होत्या, पण ज्याला भिजायचंय त्याच्यावर धरलेली छत्री पहिल्यांदाच बघतोय."

आणि कबुतराचं विसरून कसं चालेल? एका महिन्यात एका कबुतरानं नेमकी वाटीवर बैठक मारली आणि जे करायचं ते केलं. त्या महिन्यात आपल्याला सत्त्याण्णव गुण मिळाले. त्याच आकड्यावर साहेबांना उत्कृष्ट व्यवस्थापनाची ढाल मिळाली. मी तेव्हाही टाळ्या वाजवल्या होत्या. मनात मात्र म्हणत होतो, ढालीवर नाव चुकलंय.

बाई, चिठ्ठी मिळाली. आभारी आहे.

पण एक अडचण राहिली होती. वाटी म्हणत होती की ऊन वर्षागणिक कमी होतंय. त्याचं काय करायचं? साहेबांनी तेही सोडवलं. त्यांनी निबंध लिहिला. 'परिसरातील सूर्यप्रकाशातील चिंताजनक घट.' प्राध्यापक महाशय, तुम्ही त्याला प्रस्तावना लिहिली आहे. तुमचा दोष नाही, तुम्हाला आकडे दिले ते तुम्ही वाचले. पण एकदा आमच्या फाटकासमोरच्या लाँड्रीवाल्याला तरी विचारायचं होतं. त्याच्या चादरी त्या तीन वर्षांत पूर्वीइतक्याच वेळात वाळत होत्या. सूर्य फक्त आमच्याच कार्यालयापुरता मंदावला होता.

तुम्ही म्हणाल, यात कोणाचं काय बिघडलं? एक माणूस खोट्या गुणांवर मिरवला, मिरवू दे. हेच मी स्वतःला सांगत होतो. पण गुण चांगले दिसतात म्हटल्यावर साहेबांनी पॅनेलची धुलाईही कमी केली. महिन्यातून दोनदा व्हायची, ती तीन महिन्यांतून एकदा झाली. धुणाऱ्या निम्म्या बायका घरी बसल्या. काचांवर धूळ साचली, वीज खरोखरच कमी व्हायला लागली, आणि कमी का झाली असं कोणी विचारलं की उत्तर तयारच होतं, अहो, ऊनच कमी! दवाखान्याला ठरलेली वीज पुरेना. मग जनित्रं पुन्हा सुरू झाली. त्याच खिडकीखाली. गेल्या वर्षी मी तिथं गेलो तेव्हा खिडकी बंद होती, आणि परिचारिका बाईंनी मला ओळख दिली नाही. तुम्हीच सांगा, कोणत्या तोंडानं ओळख मागणार होतो?

मोठ्या गुन्हेगाराचा माणसाला निदान राग तरी येतो. साहेब, मला तुमचा रागसुद्धा येत नाही, तिटकारा येतो. कारण तुम्ही आळस केलात आणि त्याला धोरण म्हणून छापलंत.

उपप्रमुख, बसा ना. तुमचाही उल्लेख येणारच आहे, घाई कशाला?

आता येतो त्या दिवसावर. अकरा महिन्यांपूर्वी संचालक मंडळ भेटीला आलं होतं. खालच्या दालनात मोठा पडदा लावला होता, त्यावर आपले गुण झळकत होते. एक्क्याण्णव. पाहुणे चहा घेत होते. साहेब पडद्याकडे पाठ करून, पण पडद्याबद्दलच बोलत उभे होते. त्याच वेळी धुणाऱ्यांपैकी आमची मावशी ओली पोतेरी वाळत घालायला गच्चीवर गेली. समोर बसलेल्या धाकट्या पोरींना सांगतो, इथल्या निम्म्या बायकांना काच धुवायला मावशीनं शिकवलंय. ऊन तापायच्या आत धुवा, मधून कडेला पुसा, काचेवर नख लागू देऊ नका. सगळं तिचं. तिनं ती वाटी बघितली. धुळीनं माखलेली, वर कबुतराची जुनी खूण. मावशीला परिपत्रकं कोणी वाचून दाखवली नव्हती. तिच्याकडे एक स्वच्छ फडकं होतं. तिनं ती पुसली. चांगली, दोनदा, कडेनंसुद्धा.

खाली पडद्यावर एक्क्याण्णवाचे बहात्तर झाले.

मी ते डोळ्यांनी पाहिलंय. एका संचालकांचा कप तोंडापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. साहेब बोलतच होते, "आणि हे सातत्य" असं काहीतरी. पाहुण्यांची तोंडं बघून ते वळले. तो चेहरा मला कुठं जपून ठेवता आला असता, तर आज मानपत्राऐवजी तोच वाचून दाखवला असता.

साहेब धावत गच्चीवर गेले, मागून उपप्रमुख, मागून मी. साहेब ओरडले, "कोणी हात लावला याला?"

मावशी म्हणाली, "मी. पुसली. का हो, पुसायची नव्हती?"

सतरा वर्षांत या प्रकल्पात विचारला गेलेला सगळ्यात शहाणा प्रश्न. त्याला उत्तर म्हणून चौकशी समिती नेमण्यात आली. तीन सदस्य, मोठे साहेब, उपप्रमुख आणि मी. दोन दिवसांत अहवाल तयार. 'अप्रशिक्षित हाताळणीमुळे उपकरणात बिघाड. संबंधित महिलेस कामावरून कमी करण्यात यावे.' गंमत पाहा, यंत्राला कोणी दुरुस्त केलं नाही. नुसतं परिपत्रक पुन्हा लावलं, बादली पुन्हा ठेवली. चार महिन्यांत धूळ बसली आणि यंत्र आपोआप 'बरं' झालं. गुण परत नव्वदीत.

मावशी मात्र बरी झाली नाही. तिनं आणखी दोन प्रकल्पांत काम मागितलं. दोन्हीकडे आधीच्या ठिकाणचा दाखला मागितला, दाखल्यावर शेरा, 'उपकरणाची हानी'. कोण ठेवणार? ज्या बाईच्या हातून बारा वर्षांत एका पॅनेलला चरा गेला नाही, ती आज काचेच्या कामाला नालायक ठरली आहे. हा शेरा पुसता येतो. नियम असा आहे की चौकशीचा अहवाल वर्षाच्या आत तीनपैकी दोन सदस्यांनी लेखी मागे घेतला तर तो रद्द. वर्ष उलटलं की कायमचा. पंचवीस दिवस उरलेत. पण साहेबांची सही आज कार्यालय बंद होईपर्यंतच चालते, आणि उद्या साहेबांच्या खुर्चीत बसणारे उपप्रमुख पहिल्याच आठवड्यात स्वतःला खोटं ठरवतील, इतकं माझं मन भाबडं नाही.

तेव्हा अध्यक्ष महोदय, हा कागद. मी अहवाल मागे घेतो आहे, माझी सही झाली आहे. खाली दोन जागा रिकाम्या आहेत. दोघांपैकी एकाची सही पुरते. वाटीच्या तीन वर्षांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत, त्यात बादलीचे दिवस लाल शाईनं दाखवलेत.

उपप्रमुख, "ही जागा नव्हे" असं तुम्ही आत्ता म्हणालात, ते ध्वनिक्षेपकावर सगळ्यांना ऐकू आलं. जागा कोणती ते सांगा. गच्ची? तिथंही आपण तिघे होतोच.

साहेब, तुम्ही पुष्पगुच्छाकडे बघताय. बघा. वहिनी तुमच्याकडे बघताहेत, तेही एकदा बघा.

काय? मागून कोण बोललं? जरा शांतता राखा, मला ऐकू द्या. मावशी? मावशी, तुम्ही आलात? पुढं या ना. बरं, तिथूनच बोला. ध्वनिक्षेपक द्या हो कोणीतरी त्यांना. नको? मग मी ऐकतो, आणि इथून सगळ्यांना सांगतो.

मावशी विचारताहेत, जसं ऐकलं तसं सांगतो, "मास्तर, बोललात छान. सगळे हसले, मीपण हसले. पण हे सगळं तुम्हाला त्या दिवशी गच्चीवर माहीत होतं. मग अकरा महिने तुम्ही कुठं होता?"

विचारलंत ते बरं झालं. याचं उत्तर मला भाषणात लिहून आणता आलं नव्हतं.

मावशी, मी इथंच होतो. त्याच टेबलापाशी. वाटी का चुकते हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं, कारण त्या आकड्यांवर रोज माझीच सही होती. अहवालावर सही केली तेव्हा साहेब म्हणाले होते, "मास्तर, तुमचीही दोन वर्षं यातच आहेत." एवढं एक वाक्य पुरलं मला. मुलीचं लग्न ठरलं होतं, बदलीची भीती होती, ही कारणं खरी आहेत आणि एकही चालण्यासारखं नाही. गेल्या आठवड्यात साहेबांच्या निवृत्तीचं पत्र लागलं आणि त्याच दिवशी मला कंठ फुटला. म्हणजे साहेबांची खुर्ची सुटेपर्यंत मी थांबलो. हा शूरपणा नव्हे, मावशी. पडत्या भिंतीला लाथ मारायला धैर्य लागत नाही. मघापासून साहेबांबद्दलची तुच्छता मी मोठ्या चवीनं सगळ्यांना वाटत होतो. त्यातला मोठा हिस्सा घरी ठेवायला हवा होता.

बाई, ही चौथी चिठ्ठी आणायचं कारण नाही. संपवतो.

अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं, मधे घंटा वाजवली नाही, त्यांचे आभार. प्राध्यापक महाशयांचे आभार, आणि त्यांच्या प्रस्तावनेबद्दल मी बोललो त्याबद्दल दिलगिरी. सूत्रसंचालक बाईंच्या वेळापत्रकाचं मी जे केलं त्याबद्दल त्यांची क्षमा. वहिनी, आजचा दिवस तुमचाही होता, तो मी नासवला, तुम्ही मोठ्या मनानं पोटात घालाल अशी आशा आहे. बोलण्यात काही अधिक झालं असेल तर सभेनं माफ करावं. उणं जे राहिलं होतं, ते मावशींनी भरून काढलं आहे.

मावशी, तुमची क्षमा मात्र मी इथून मागणार नाही. चार पायऱ्या उंच उभं राहून, हार घातलेल्या टेबलामागून मागितलेली क्षमा म्हणजे आणखी एक परिपत्रक. मी खाली येतो आहे, तुमच्या रांगेत. तिथं तुम्ही म्हणाल ते ऐकून घेईन, आणि नाही म्हणालात तर तेही.

साहेब, कागद तुमच्या पुढ्यात ठेवला आहे. मी येईपर्यंत वाट बघू नका, माझं तिकडे काम आहे.